ऑईल फिल्टर : डबा सारखा, पण आतला माल सारखा नाही



उसाची लागण, बेणे, खते, खोडवा यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा घेतला आहे. शेतकी खात्याने इंजिनाच्या फिल्टरवर कशाला लिहावे, असे काही सभासदांना वाटेल. पण ऊस फडात तयार झाला म्हणजे काम संपले असे होत नाही. तो तोडला जाऊन, भरला जाऊन, काट्यावरून गव्हाणीत पडेपर्यंत तो आपल्या जिवाला घोर लावतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. ऊस पडून राहिला की त्यातील पाणी उडून वजन घटते, आणि साखरेचे विघटन होऊन उताराही घसरतो. वजन घटले तर ज्याचा ऊस आहे त्याचे थेट नुकसान होते. उतारा घसरला तर सर्वांचेच होते, कारण एफ.आर.पी.चा दर उताऱ्याशी बांधलेला आहे.

तोडणी-वाहतुकीचा खर्चही शेवटी उसाच्या पैशातूनच वजा होतो. तेव्हा गाडी रस्त्यात उभी राहिली, तर तो प्रश्न एकट्या गाडीमालकाचा राहत नाही. साधा हिशेब करून बघा. एक गाडी दिवसाला दोन खेपा करते आणि खेपेला १० टन ऊस आणते असे धरू. इंजिनाचे काम निघून ती आठ दिवस उभी राहिली तर १६० टन ऊस फडात अडकला. एकरी ४० टन उतारा धरला तर हा चार एकरांचा ऊस झाला. तोपर्यंत टोळी बसून राहते, मुकादम कुरकुरतो, आणि ज्याची पाळी पुढे आहे त्याच्या उसाला तुरे येतात.

इंजिन अकाली खलास होण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक कारण मात्र अगदी स्वस्तात टाळता येण्याजोगे आहे. ते म्हणजे हलका ऑईल फिल्टर.

तेलात घाण येते कुठून?

इंजिनातील तेल चार कामे करते. फिरत्या भागांमध्ये पातळ थर धरून घासणे कमी करते, उष्णता वाहून नेते, आतील भाग धुऊन काढते आणि गंज धरू देत नाही. धुतलेली घाण तेलातच राहते. तिचे प्रकार असे :

१) फडातला आणि कच्च्या रस्त्यावरचा फुफाटा. हा हवेबरोबर आत येतो. यात वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात व ते बेअरिंगच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण असतात.

२) डिझेल जळून होणारी काजळी.

३) लायनर, रिंगा, क्रँक, बेअरिंग यांच्या झिजेचा धातू.

४) तेल जुने होऊन बनणारा चिकट गाळ आणि थंड इंजिनात साचणारे पाणी.

काजळीचे कण इतके बारीक असतात की त्यांतील बहुतेक फिल्टरमधून पार होतात. म्हणून डिझेल इंजिनात नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. “तेल काळे झाले, म्हणजे फिल्टर भिकार आहे” असे कोणी म्हणाले तर ते खरे मानू नये. फिल्टरचे खरे काम कठीण कण अडविण्याचे आहे.

मायक्रॉन म्हणजे किती?

एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आपल्या ठिबकच्या १२० मेशच्या फिल्टरची भोके सुमारे १३० मायक्रॉनची असतात. पाण्याला तेवढे चालते. इंजिनात मात्र बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधील तेलाचा थर भार पडल्यावर काही मायक्रॉन इतकाच उरतो. त्या थराएवढा किंवा थोडा मोठा कण मध्ये सापडला की तो दोन्ही बाजूंना ओरखडत जातो. साधारण ५ ते २० मायक्रॉनचे हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण नुकसान तेच अधिक करतात.

१९८८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या अभियंत्याने याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनाची झीज निम्म्याने कमी झाली, आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांत दिसून आले. हे प्रयोग मुद्दाम धूळ घालून प्रयोगशाळेत केलेले होते. आपल्या गाडीत तंतोतंत तेवढाच फरक पडेल असे नव्हे. पण फिल्टरच्या दर्जाने झिजेत फरक पडतो, एवढे त्यावरून निश्चित समजते.

फिल्टरच्या आत काय असते?

१९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड व त्यांचे सहकारी यांनी मोटारीसाठी ऑईल फिल्टर काढला. सुरुवातीचे फिल्टर तेलाचा थोडा भागच गाळीत. पुढे पंपातून निघालेले सर्व तेल गाळून मगच बेअरिंगकडे पाठविणारी पद्धत आली. आज आपल्या ट्रक-ट्रॅक्टरना बहुधा हीच पद्धत असते. काही गाड्यांना धातूच्या भांड्यात बसणारा सुटा कागदी फिल्टर असतो, तर काहींना आट्यांवर फिरवून बसविण्याचा बंद डबा असतो. दोन्हींत मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात :

*गाळण कागद.* घड्या घातलेला, राळेत भिजवून भट्टीत पक्का केलेला. हाच फिल्टरचा जीव.

*बायपास व्हॉल्व्ह.* ठिबकच्या फिल्टरला दोन बाजूंना दोन प्रेशर गेज असतात. फरक वाढला की फिल्टर तुंबला असे आपण समजतो व तो धुतो. इंजिन चालू असताना तसे थांबता येत नाही. म्हणून कागद तुंबला, किंवा सकाळच्या गारठ्यात तेल घट्ट असले, म्हणजे हा व्हॉल्व्ह उघडून तेलाला न गाळताच पुढे जाऊ देतो. तेल अजिबात न मिळण्यापेक्षा घाण तेल बरे, हा त्यातील विचार आहे. किती दाबाला तो उघडावा हे इंजिनाप्रमाणे ठरते. हा आकडा साधारण १ ते २.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्या बाजूला असतो.

*रबरी पडदा.* इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील तेल उलटे वाहून जाऊ नये यासाठी हा असतो. पडदा हलका असेल तर सकाळी चावी मारल्यावर फिल्टर भरेपर्यंत बेअरिंग कोरडे फिरते. ऑईलचा दिवा उशिरा विझणे आणि सुरुवातीला खडखडाट येणे ही त्याची खूण असू शकते.

*डबा, स्प्रिंग, जाळीची नळी आणि गॅस्केट.* कागद दाबाखाली चेमटू नये, जागचा हलू नये व तेल गळू नये, हे यांचे काम.

तुलना कशी करावी?

दुकानात तीन प्रकारचा माल दिसतो. पहिला, गाडी बनविणाऱ्या कंपनीच्या नावाचा. दुसरा, फिल्टरच बनविणाऱ्या नामांकित कारखान्याचा, त्याच गाडीसाठी दिलेला. तिसरा, बिननावाचा किंवा नामांकित नावाची नक्कल केलेला. पहिल्या दोहोंत फार अंतर नसते. पुष्कळ वेळा गाडीच्या कंपनीलाही फिल्टरचे कारखानेच माल पुरवितात. खरी दरी आहे ती तिसऱ्यात. ती पुढील पाच मुद्द्यांवर पारखावी.

पहिला मुद्दा – किती अडवितो. केवळ “२० मायक्रॉन” असे छापलेले असेल तर त्यावरून काही समजत नाही. २० मायक्रॉनच्या कणांपैकी किती अडविले, हे विचारावे. जगभर यासाठी आय.एस.ओ. ४५४८-१२ ही चाचणी वापरतात. तीत ठराविक धूळ मिसळलेले तेल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवून आधीचे व नंतरचे कण मोजतात. आधीच्या संख्येला नंतरच्या संख्येने भागले की जो आकडा येतो त्यास बीटा म्हणतात. बीटा २ म्हणजे हजार कण आले तर पाचशे पार गेले. बीटा ७५ म्हणजे हजारातील सुमारे तेराच पार गेले. दोन्ही डब्यांवर “२० मायक्रॉन” छापता येते! पहिल्याला नाममात्र मायक्रॉन म्हणावे, दुसऱ्याला खात्रीचा.

कोणी म्हणेल, तेल पुन्हा पुन्हा फिरते, मग आज सुटलेला कण उद्या सापडेलच की. सापडेल, पण सापडण्याआधी तो प्रत्येक फेरीत बेअरिंगमधून जाऊन आलेला असतो, हे विसरू नये.

दुसरा मुद्दा – किती साठवितो. बारीक गाळणारा कागद क्षेत्राने अपुरा असेल तर लवकर तुंबतो, बायपास उघडतो आणि मग गाळणे जवळजवळ बंदच होते. म्हणून कागदाचे क्षेत्र मोजावे. रीत सोपी आहे : घड्यांची संख्या × २ × घडीची खोली × कागदाची उंची. समजा, एका फिल्टरला ६० घड्या, खोली १.५ सेंटीमीटर, उंची १० सेंटीमीटर आहे. क्षेत्र १,८०० चौरस सेंटीमीटर झाले. तशाच डब्यात दुसऱ्याला ४० घड्याच असतील तर १,२०० भरते. म्हणजे एक तृतीयांश कागद चोरला. बाहेरून रंग, उंची, आटे सर्व सारखे असते.

मात्र घड्या मोजताना कागदाची जातही बघावी. साधा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्याचे धागे जाड व वेडेवाकडे असतात आणि पाणी लागले की ते फुगतात. काचेच्या किंवा कृत्रिम धाग्यांचे माध्यम अधिक बारीक व एकसारखे असते. ते कमी अडथळा करून अधिक घाण धरते, म्हणून त्याला घड्या कमी असल्या तरी चालू शकते. तुलना एकाच जातीच्या दोन फिल्टरांत करावी.

तिसरा मुद्दा – कागदाची शिवण आणि टोके. घडीचा पट्टा जिथे जोडला आहे तो जोड धातूच्या पट्टीने किंवा चिकटवून पक्का असावा. वरच्या-खालच्या टोपणात कागद सगळीकडे बुडालेला असावा. एका जागी जरी फट राहिली तरी तेल सोपी वाट धरते. पाटाच्या बांधाला उंदराचे बीळ पडले तर पाणी सरीत जात नाही, बिळातूनच जाते. तसाच हा प्रकार.

चौथा मुद्दा – व्हॉल्व्ह आणि रबर. तेल शंभर अंशांच्या आसपास तापते. त्यात हलके रबर कडक होऊन तडकते. सिलिकॉनचा पडदा उष्णतेत साध्या नायट्राईल रबरापेक्षा जास्त टिकतो. नकली मालात कधी पडदाच नसतो, तर कधी बायपासची स्प्रिंग इतकी ढिली असते की व्हॉल्व्ह सदा अर्धा उघडा. अशा गाडीत तेल न गाळता फिरत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

पाचवा मुद्दा – डबा व आटे. पत्रा पातळ असेल तर दाबाने फुगतो. आटे कच्चे असतील तर ते झिजून गॅस्केटमधून तेल फेकले जाते. भर रस्त्यात तेल गेले तर इंजिन जाम व्हायला काही मिनिटेही पुरतात.

जुना फिल्टर कापून बघा

वरील तिसरा व चौथा मुद्दा बाहेरून समजत नाही. म्हणून बदललेला जुना फिल्टर टाकून देऊ नये. तेल निथळू द्यावे आणि मिस्त्रीकडून कापून घ्यावा. कापण्याचे खास कटर असल्यास उत्तम. करवतीने कापला तर करवतीचा कीस कागदावर पडतो, तो इंजिनाचा समजून घाबरू नये. कागद पट्टा सोडवून पसरावा व उन्हात बघावा. घड्या एकमेकींना चिकटून चेमटल्या आहेत काय, कागद फाटला आहे काय, शिवण सुटली आहे काय, हे लगेच दिसते.

मग कागदावरून लोहचुंबक फिरवावे. चिकटणारा कीस लोखंडाचा असतो. तो लायनर, रिंगा, क्रँक किंवा गिअरकडचा असू शकतो. न चिकटणारी तांबूस वा रुपेरी चमक दिसली तर बेअरिंग बोलू लागले आहे असे समजावे. थोडीफार चमक प्रत्येक इंजिनात असते. मागच्या वेळेपेक्षा एकदम वाढली तर मात्र गाडी पुढच्या खेपेला पाठविण्याआधी तपासून घ्यावी. हंगामाच्या मध्यावर इंजिन बसण्यापेक्षा एक दिवस थांबून बेअरिंग बघितलेले परवडते.

काही गैरसमज

“आटे बसले, म्हणजे फिल्टर चालतो.” असे नाही. आटे सारखे असूनही बायपासचा दाब निराळा असू शकतो. पुस्तकातील पार्ट नंबर जुळला पाहिजे.

“डिझेलने धुऊन पुन्हा घालू.” कागदी फिल्टर धुता येत नाही. वरची काळी साय जाते, आत रुतलेले कण राहतात, कागद फाटतो आणि धुताना घाण स्वच्छ बाजूला शिरते.

“तेल नवे घातले, फिल्टर पुढच्या वेळी बघू.” नव्या घागरीला जुने मळके फडके बांधण्यासारखे हे आहे.

“फिल्टर भारीतला आहे, तेल दुप्पट चालवू.” फिल्टर कण काढतो. तेलात तयार झालेले आम्ल काढणे किंवा संपलेली औषधे परत घालणे त्याला जमत नाही.

“जितका बारीक तितका चांगला.” इंजिनाला जेवढे तेल लागते तेवढे पुरवून जो बारीक गाळील, तो चांगला.

आणि एक गोष्ट. फुफाटा आत येतो तो हवेच्या फिल्टरमधून. त्याचा पाईप फाटका, क्लिप ढिली असेल, तर जगातला सर्वांत चांगला ऑईल फिल्टरही इंजिन वाचविणार नाही. दोन्हींची काळजी बरोबरच घ्यावी.

घेताना व बसविताना

१) पार्ट नंबर लिहून घेऊन दुकानात जावे. पक्के बिल घ्यावे. खोक्यावरील छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेले, बॅच नंबर नसलेला माल परत करावा. किंमत फारच कमी सांगितली तर तेच शंकेचे कारण समजावे.

२) हंगामाला लागणारे फिल्टर आधीच आणून ठेवावेत. रात्री गाडीतळावर मिळेल तो बसविण्याची पाळी येऊ नये.

३) इंजिन कोमट असताना तेल काढावे. जुने गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे हात लावून बघावे. दोन गॅस्केटे एकावर एक बसली तर तेल हमखास फेकते.

४) नव्या गॅस्केटला तेलाचे बोट फिरवावे. फिल्टर हाताने आवळावा. टेकल्यावर किती फिरवायचा ते डब्यावर लिहिलेले असते. पान्याने पिळू नये.

५) चालू केल्यावर दिवा विझेपर्यंत रेस देऊ नये, टर्बो असलेल्या इंजिनात तर मुळीच नाही. गळती बघून, बंद करून, पट्टी तपासावी.

६) डब्यावर तारीख व किलोमीटर, ट्रॅक्टर असल्यास तास, खिळ्याने न कोरता रंगाने लिहावेत.

७) बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावी. धुळीच्या व जड कामासाठी पुस्तकात वेगळी, कमी मुदत दिलेली असते. उसाची वाहतूक त्यातच मोडते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बी.एस.-६ गाड्यांना तेलही विशिष्ट प्रतीचे लागते, तेथे जुन्या गाडीचे उरलेले तेल ओतू नये.

८) काढलेले तेल पाटात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. कॅनमध्ये साठवून अधिकृत खरेदीदारास द्यावे.

शेवटी पैशाचा हिशेब

समजा, चांगल्या व हलक्या फिल्टरमध्ये ३०० रुपयांचा फरक आहे आणि हंगामात तीन वेळा बदल करावा लागतो. जादा खर्च ९०० रुपये झाला. क्रँक घासून बेअरिंग टाकण्याचा खर्च प्रत्येक गाडीमालकाला ठाऊक आहे, तो आम्ही सांगण्याची गरज नाही. त्यात बुडालेल्या खेपा, बँकेचा हप्ता आणि फडात वाळलेला ऊस धरा. बेणे घेताना आपण डोळा बघतो, कांडी चिरून लाल रंग आहे काय ते बघतो, मगच लावतो. तीच नजर फिल्टरला लावावी.

ज्या सभासदांच्या स्वतःच्या गाड्या नाहीत त्यांनीही आपल्या फडावर येणाऱ्या गाडीवाल्याला, फिल्टर कधी बदलला आणि कोणता घातला, एवढे जरूर विचारावे. विचारणारा कोणी आहे असे दिसले की काळजी आपोआप वाढते. बॉयलर पेटण्यापूर्वी आपल्या गटातील सर्व वाहनांची ही तपासणी उरकून घ्यावी, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते